पितळी गंजातला निळा रंग

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी दवनीवाड्याच्या दवाखान्यात नर्स होते. गावातल्या एका धानकऱ्याच्या घरची माणसं दर आठ-पंधरा दिवसांनी ओकाऱ्या आणि पोटातला मुरडा घेऊन यायची. त्यांना ताक शेजारची विधवा द्यायची. घरच्या म्हातारीनं ठरवूनच टाकलं, "तिनंच करणी केली. नाहीतर कढी खाल्ल्यावरच काऊन होते?" विहिरीवर त्या बाईला कोणी घागर भरू देईना.

ती माझ्याकडे आली. "बाई, तेच ताक रोज पेऊन राहिली मी. मले कायले काही होत नाही?"

या प्रश्नानं मी म्हातारीच्या चुलीपाशी पोचले. आंबट ताकाची कढी पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात व्हायची आणि संध्याकाळपर्यंत त्यातच राहायची. आतली कल्हई उडून पिवळं पितळ दिसत होतं. शेजारणीचं ताक मात्र मडक्यात.

गोंदियाच्या हायस्कुलातले रसायनाचे मास्तर माझ्या ओळखीचे होते. रविवारी ते सायकलवर काचेच्या नळ्या बांधून आले. सकाळी त्यांनी गंजात आणि मडक्यात लिंबू पिळलेलं पाणी ठेवलं. दुपारी दोन्ही पाणी नळ्यांत काढलं, तेव्हा दोन्ही सारखंच नितळ दिसत होतं. मग त्यांनी दोन्हींत अमोनियाचे थेंब टाकले. मडक्याचं पाणी होतं तसंच राहिलं. गंजाचं पाणी मात्र जवसाच्या फुलासारखं निळं झालं.



"देखो, ये तांबा है," मास्तर म्हणाले. "गंजातून आलं. आंबटानं ते सुटतं, आणि पोटात गेलं की ओकाऱ्या होतात."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. मोजून मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि अमोनिया घातलेल्या सात नळ्या त्यांनी पांढऱ्या कागदापुढे ओळीनं धरल्या, फिक्यापासून गडद निळ्यापर्यंत. आमची नळी एकेकीशेजारी नेली. ती चौथीशी जुळली, आणि त्यांनी वहीत एक आकडा लिहिला. ज्याला ना वास ना रंग, तेही डोळ्यांनी मोजता येतं! आजवर किती घरांतली दुखणी मी नुसती गोळी देऊन परत पाठवली होती!

म्हातारी नळीकडे बघतच राहिली. मग उठून शेजारणीच्या दारात गेली. "चुकलं माह्यं," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात कल्हईवाला आला आणि अर्ध्या गावाची भांडी त्याच्यासमोर आली. त्या घरच्या ओकाऱ्या थांबल्या. मी मास्तरांकडून त्या सात नळ्या करायला शिकले.