धुतलेली डांगरी

लढाई संपल्यावर नागपूरच्या संग्रहालयासाठी वैमानिकांच्या वस्तू गोळा करायचं ठरलं. मेहकरला कमिटी झाली आणि हिशेबाला पक्का म्हणून नोंदीचं काम माझ्या गळ्यात पडलं. कमिटीला माहीत असलेला वैमानिक एकच, आमच्या डोणगावचा. माझ्या शेजारच्या मावशींचा मुलगा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून त्याचं विमान परतलं नाही. घरी आली ती पत्र्याची पेटी.

उड्डाणवही, चष्मा आणि दोन फोटो मावशींनी लगेच काढून दिले. वहीतल्या तासांची बेरीज मी दोनदा केली. त्याची एकही चूक नव्हती. विमानात घालायची डांगरी मात्र मावशींच्या मांडीवरून सुटेना. कोपराला इंजिनाच्या तेलाचा डाग होता, गळपट्टीला घामाची पिवळी रेघ. डांगरीला अजून त्याच्या अंगाचा वास येत होता.

"कोनी हात तं नाही ना लावनार बापू हिले?"

"नाही मावशी. जशी हाय तशीच काचेत राहील."

संग्रहालयाच्या पत्रात तसंच लिहिलं होतं, वस्तू साफ करू नयेत. ते पत्र मी कमिटीच्या अध्यक्षांना वाचून दाखवलं आणि वस्तू त्यांच्या स्वाधीन केल्या. अध्यक्ष सरकीचे व्यापारी.

वस्तू नागपूरला जायच्या आधी मेहकरच्या शाळेत समारंभ ठेवला होता. मावशींना मी बैलांच्या दमणीतून घेऊन गेलो. टेबलावर डांगरी मांडलेली होती. ताठ, पांढुरकी, कागदासारख्या घड्या पडलेली. कोपर कोरा होता.

"हे काऊन धुतलं?" मी विचारलं.

"मग काय!" अध्यक्षांच्या तोंडात पान होतं, लाल ओघळ हनुवटीपर्यंत आलेला. "मेलेल्या मानसाचे कपडे, अन् तेही पारोसे! घरात बायका शिवेनात. धोब्याकडून सोड्याच्या भट्टीत घालून आनले. पाहा बरं, कसे नवेकोरे झाले."

"पत्र वाचून दाखवलं होतं तुमाले."

"ते गोऱ्यायचं झालं हो. आपल्यात विटाळ पाळतात का नाही?"

"खळ बी घातली," कमिटीतला एक जण म्हणाला. "आता डांगरी एकटीच परेडले उभी राह्यते!"

सगळे हसले. अध्यक्षांनी तोंडावरचा ओघळ बोटाने पुसला आणि तेच बोट टेबलावरच्या चादरीला पुसलं. विटाळाच्या गोष्टी सांगणारा हा माणूस!

मावशींनी बाही उचलून नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली, मग हळूच खाली ठेवली.

"न्या," त्या म्हणाल्या. "आता कोनाचीबी हाय हे."

अध्यक्षांनी तेवढं 'न्या' ऐकलं, मावशींच्या गळ्यात हार घातला आणि लोकांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. लोकांनी वाजवल्या.

मी नोंदीत लिहिलं, 'डांगरी एक. अध्यक्षांच्या हुकमाने धुतलेली. डाग व वास गेले.'

"हे कायले लिहिता?" अध्यक्ष म्हणाले. "नागपूरवाले काय म्हनतील?"

"म्हनू द्या. खोटी नोंद माह्या हातून होनार नाही."

चहा न घेता आम्ही निघालो. गावाबाहेर आल्यावर मावशींनी हार काढून दमणीच्या कडेला ठेवला आणि पदराने बोटं पुसू लागल्या. बोटांना खळीचा वास लागला होता. डोणगाव येईपर्यंत त्या पुसतच होत्या.