लहान मुलांपासून दूर ठेवावे

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार माझ्याकडे, निरोप समारंभाची मानपत्रं माझ्याकडे, आणि वर्षअखेरीला कुणाची प्रगतिपुस्तकं राहिली तर तीही माझ्याकडे. सुरतेतल्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं मी मुलांच्या नावापुढे शेरे लिहिले. निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप खानदेशातून इथे लूमवर कामाला आलेले. ते शेरा दोनदोनदा वाचून घ्यायचे, आणि ‘बाईंनी लिहिलंय’ म्हटलं की विषय संपायचा. त्या ‘बाईंनी लिहिलंय’चा मला माज होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे केलं ते त्याच माजात केलं.

निवृत्त होऊन चार महिने झाले होते. मुलगी लग्न होऊन पुण्याला, नवरा सकाळी साडेसहाच्या बसने हजीऱ्याला कंपनीत. भेस्तानच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप आला: इच्छापोरच्या पुढे जो प्राण्यांचा निवारा आहे, तिथे कुत्री मावेनाशी झालीत. दोघांच्या पिंजऱ्यात पाच-पाच. कुणी महिनाभरासाठी एखादं घरी ठेवून घेईल का? कायमचं नको, घर मिळेपर्यंत. मला ते ‘कायमचं नको’ फार आवडलं.

निवारा चालवणाऱ्या गुजराती बेन माझ्याच वयाच्या, पण माझ्यासारख्या दिवसभर बसून नसायच्या. त्यांनी एक तपकिरी कुत्री दाखवली. डावा कान फाटलेला, वय तीनेक वर्षं. पिंजरे धुणारे एक वयस्कर काका तिला दोरी बांधून घेऊन आले. ते आमच्याच अमळनेरकडचे निघाले. बेननी माझ्या हातात एक कार्ड दिलं. कुत्रीचं वागणं महिनाभर बघून त्यावर लिहायचं, म्हणजे जे कायमचं नेणार त्यांना आधी वाचता येईल. ‘तमे तो टीचर छो,’ बेन म्हणाल्या, ‘तुमचं कार्ड एकदम पाक्कं!’ आणि आणखी एक: नाव ठेवायचं नाही. नाव ठेवण्याचा हक्क नेणाऱ्याचा.

म्हणून आम्ही तिला ‘पाहुणी’ म्हणायला लागलो. नवरा म्हणायचा, ‘पाहुणी जेवली का?’ पहिले तीन दिवस पाहुणी शिलाई मशीनच्या खालून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते, तर येऊन हनुवटी माझ्या पावलावर ठेवून झोपली. मी तासभर पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, भाजी उशिरा फोडणीला पडली, नवऱ्याने विचारलं तर मी चक्क सांगितलं की गॅस संपला होता. तिच्यापायी बोललेलं ते पहिलं खोटं. ते कुणाला बाधलं नाही.

खालच्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी रोज वर येऊन तिच्या फाटक्या कानात काहीतरी सांगायची. पाहुणी डोळे मिटून ऐकून घ्यायची. हे मी माझ्या डोळ्यांनी रोज बघत होते.

महिना संपता संपता बेनचा फोन आला. उधन्याचं एक कुटुंब, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, आजी, दोन नातवंडं, मागे अंगण. फोटो बघूनच त्यांना पाहुणी आवडली होती. रविवारी बघायला येणार. ‘बेन, तेवढं कार्ड भरून पाठवा.’

खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. याच्यासाठीच तर आणली होती. पण फोन ठेवला आणि मी ते कार्ड डब्यांच्या मागे सरकवून दिलं. बरं, कायमची ठेवून घ्यायची म्हटलं असतं तर कुणी नको म्हणत नव्हतं. नवरा म्हणालाही, ‘ठेवायची तर ठेव, पण एकदा काय ते ठरव.’ तेच मला जमत नव्हतं. पुढची दहा-बारा वर्षं बांधून घ्यायची नव्हती, गावाला जायचं, मुलीकडे जायचं. मला ती द्यायचीही नव्हती आणि घ्यायचीही नव्हती. नुसती असायला हवी होती.

मी पेन काढलं. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसावर ती एकदा भुंकली होती, तेवढ्याच आधारावर मी सुंदर, वळणदार गुजराती अक्षरात लिहिलं: ‘अनोळखी माणसावर धावून जाते. लहान मुलांपासून दूर ठेवावे.’ माझ्या फोनचा कॅमेरा धूसर, म्हणून नवऱ्याला त्याच्या फोनवर फोटो काढून पाठवायला सांगितलं. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फोटो पाठवून दिला. बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर तो तरी काय बोलणार?

उधन्याच्या कुटुंबाने दुसरं कुत्रं नेलं. त्या दिवशी मी शिरा केला. लाज वाटते सांगायला, पण केला, आणि वाटीभर पाहुणीलाही घातला.

आणखी दोन महिने ती माझ्याकडे होती. त्या काळात कार्ड वाचूनच आणखी दोघं परत गेले. मी मनाची समजूत घालत होते की तेवढीच निवाऱ्यातली एक जागा मोकळी राहतेय, मी उपकारच करतेय.

मग मुलीचा फोन आला. सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. मी डिंक, आळीव, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, सगळ्याच्या मागे लागले. मुलगी आली, पाहुणी तिच्या पोटाला नाक लावून बसायला लागली, आणि मला वाटलं की आता सगळं जमून आलं. एका संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, ‘कुत्री परत देऊन यावं लागेल. बाळ येणार.’

‘का? काय करते ती?’ मी भांडायच्या तयारीतच होते.

त्याने फोन काढून तो फोटो मुलीपुढे धरला. तिने वाचला. तिचा चेहराच उतरला. ‘आई, तूच लिहिलंयस ना गं हे?’

एक वाक्य पुरलं असतं. ‘मी खोटं लिहिलं.’ चार शब्दही नाहीत. मुलगी हसली असती, नवऱ्याने वर्षभर चिडवलं असतं, आणि कुत्री घरात राहिली असती. मी वरणभात कालवत बसले. अठ्ठावीस वर्षं मुलांना ‘खोटं का बोललास?’ म्हणून उभं करणारी मी, मला माझ्याच पोरीसमोर उभं राहता आलं नाही. ‘हो, मीच लिहिलंय,’ म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पाहुणीला घेऊन निवाऱ्यावर गेलो. रिक्षा थांबल्यावर ती आपणहून उतरली, शेपूट हलवत. फिरायला आलोय असं वाटलं असणार तिला. काकांनी दोरी घेतली. पिंजऱ्यात आधीच चार होती. प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझं कार्ड जाळीला अडकवलं गेलं. काकांना गुजराती वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘ताई, काय लिखेल शे?’ मी सांगितलं. ते तिच्याकडे बघत राहिले. ‘हाई? हाई तं कोनले चावत नही!’ मी रिक्षात जाऊन बसले.

नात झाली. बारसं झालं. बाळाला पायावर घेऊन तेल लावताना माझी पावलं मोकळी मोकळी वाटायची, पण मी कुणाला बोलले नाही. नात पाच महिन्यांची झाली आणि मायलेकी पुण्याला गेल्या. मग मात्र मला राहवेना. नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो चिडवेल म्हणून मी भीत होते. त्याने चिडवलं नाही, एवढंच म्हणाला, ‘आणि तू मला फोटो काढायला लावलास.’ दुसऱ्या दिवशी एकटीच इच्छापोरला गेले.

पाहुणी मागच्या बाजूच्या पिंजऱ्यात एकटीच होती. मला बघून उठली, पण जाळीपाशी आली नाही. मी हात आत घालणार तोच काका ओरडले, ‘ताई, हात नका घालू!’

बेन बाहेर आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. गर्दीत, रोजच्या भांडणात ती तापट होत गेली होती. मागच्या महिन्यात निवारा बघायला आलेल्या एका मुलाने जाळीतून बोट घातलं, ते तिने पकडलं. खोल नाही, पण रक्त आलं. ‘तमे तो पहेलेथी ज लखेलुं, बेन,’ त्या म्हणाल्या. तुम्ही आधीच लिहून दिलं होतं, आम्हीच लक्ष दिलं नाही, माफ करा. त्या माझी माफी मागत होत्या!

मी त्यांना सांगितलं. सगळं, उधन्याच्या कुटुंबापासून शिऱ्यापर्यंत. ती तशी नव्हती, मी खोटं लिहिलं होतं, मला ती परत द्या, कायमची.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘तुमचं मन मोठं आहे, बेन. तिला वाचवायला स्वतःवर घेताय.’ मग म्हणाल्या, ‘पण तुमच्या घरी आता नानी बेबी, एवढंसं बाळ, येणार-जाणार. कशी देऊ?’

आणि त्यांनी जाळीवरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. उन्हाने कागद पिवळा पडला होता, अक्षर मात्र अजून स्वच्छ वाचता येत होतं.