कपाचं बूड

शुक्रवारची सुट्टी. आखातातल्या सोहारच्या कंपनी गेस्टहाउसमध्ये पाहुणा मी एकटाच. चहा संपला आणि सवयीनं कप उपडा करून त्याचं बूड बघितलं. ही खोड विलायतेतल्या स्टोक-ऑन-ट्रेंटची.

भट्टीच्या विटांचं काम शिकायला कंपनीनं तरुणपणी तिकडे पाठवलं होतं. सहा गावं जोडून झालेलं, चिनीमातीच्या भांड्यांवर जगलेलं ते शहर. घरमालकीण डोरीनबाई एकदा मला चहाच्या दुकानात घेऊन गेल्या. बाहेर भुरभुर, आत ओल्या लोकरीचा वास. माझा चहा संपताच त्यांनी माझा कप उचलला आणि उलटा करून निरखू लागल्या. माझे कान तापले. आमच्या गावच्या हॉटेलात बाबांचा कप वेगळा असायचा, बाहेर वळचणीला ठेवलेला. इतक्या लांब येऊनही तेच, असं वाटलं.

डोरीनबाईंनी कप माझ्यापुढे धरला. तळाशी निळा शिक्का होता.

"बर्स्लेम. माझं गाव. मी हेच कप रंगवायचे."

"म्हणजे स्टोकच ना?"

"स्टोक पाकिटावर लिहायला. मी बर्स्लेमची."

त्यांचा कारखाना कधीच बंद पडला होता. गाव उरलं होतं ते कपाखाली.

"गंदा है क्या, साब?"

समोर बशीर, इथला आचारी, उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. तेव्हा माझा उतरला असेल, अगदी तसाच. मी घाईघाईनं कप त्याच्यापुढे धरला.

बूड कोरं होतं. त्याला दाखवायला तिथे कुठलंच गाव नव्हतं.