मुलाखतीच्या बाकावर मॅडम

आमच्या बास्केटबॉलच्या मॅडमना मी आज पहिल्यांदा साडीत पाहिलं. कॉलेजच्या कार्यालयाबाहेर, बाकावर, मांडीवर फाईल घेऊन त्या बसल्या होत्या. मुलींच्या संघासाठी प्रशिक्षक नेमायचा होता. पाच वर्षं त्याच संघाला शिकवतात. पण तासिका तत्त्वावर, तासांप्रमाणे पैसे घेणाऱ्या माणसाला दरवर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारी दुसरी उमेदवार होती, माझ्याहून थोडीशीच मोठी. मॅडम तिलाच धीर देत होत्या, "अगं, पंख्याखाली सरक. घाम दिसायला नको."

मला पाहताच त्यांनी फाईल पदराआड घेतली. "काय गं, तू घेणारेस का माझी मुलाखत? पळ, मैदानाला फेऱ्या मार!"

मी हसले. हसायला नको होतं बहुतेक.

माझे बाबा रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहतात, कुणी कामाला नेईल म्हणून. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. "शिकलीस की असं उभं राहावं लागणार नाही," असं ते म्हणतात. मॅडम बसल्या होत्या. तेवढाच फरक असेल का?

दुपारी शिपाईमामांनी सांगितलं, यंदा खेळाला पैसे नाहीत, ही जागाच भरणार नाहीत.

तरीही मॅडम मैदानावर आल्या. पदर खोचून त्यांनी तासभर आमच्याकडून बास्केट मारून घेतले. निघताना "मॅडम, उद्या किती वाजता?" असं आम्ही रोज विचारतो. आज कुणीच विचारलं नाही.