मामाच्या वळणाचा चेहरा

अक्का गेल्याचा फोन पुणतांब्याहून आला, तेव्हा कोपरगावच्या माझ्या फोटो स्टुडिओत मी एका नवरदेवाच्या गालावरचे डाग पुसत होतो. माझ्या या थोरल्या बहिणीने आपली अखेरची वर्षे मी संगणकावर घडवलेल्या एका चेहऱ्याकडे पाहत काढली… आणि तो चेहरा खरा नव्हता.

तिचा गणेश सहा वर्षांचा असताना आठवडे बाजाराच्या गर्दीत हरवला. पुष्कळ वर्षांनी फोटोतल्या माणसाचे वय वाढवून दाखवणारे सॉफ्टवेअर माझ्याकडे आले. त्यात गणेशचा एकुलता एक फोटो घातला, तर उमटलेला तरुण मला परका वाटला. पोरगा मामाच्या वळणावर गेला आहे, असे सगळे म्हणत. म्हणून मी माझा तरुणपणीचा फोटो त्यात मिसळला. नाक, हनुवटी माझीच. अक्का पाहतच राहिली. "व्हय, ह्योच. पन गाल भर की जरा. मामा असून भाच्याला उपाशी ठिवतोस व्हय?" म्हणाली आणि हसली. तिचे ते हसू मोडवेना, म्हणून माझा फोटो मिसळल्याचे मी तिला सांगितले नाही.

गेल्या वर्षी मी पुणतांब्याला तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिच्या दारात एक तरुण आला. लहानपणी याच भागातल्या बाजारात हरवलो, अनाथाश्रमात वाढलो, एवढेच त्याला सांगता येत होते. अक्काने त्याला ओट्यावर बसवले, भिंतीवरचा फोटो उतरवून त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला, मग माझ्याकडे पाहिले.

"न्हाई रे. ह्याच्यात तुझं कायबी न्हाई."

"चुकलं आसंल माझं, मावशी," म्हणत तो उठला. रक्त तपासून घेऊ, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण मग तो फोटो कसा घडला, हेही सांगावे लागले असते. मी त्याचा पत्तासुद्धा विचारला नाही.

दहाव्याला गोदावरीकाठी पिंडाला कावळा शिवेना. अक्काचा पुतण्या हळूच म्हणाला, "मामा, गणेशला शोधतो म्हना. तिचा जीव त्यातच आडकलाय." मी हात जोडले. "अक्का, तुझ्या दारातून परत गेला, त्याला शोधतो." सगळे माझ्याकडे पाहू लागले. कावळा तरीही आला नाही. अखेर दर्भाचा कावळा करून शिवविला.

तेव्हापासून सकाळी स्टुडिओ उघडला की मी त्या तरुणाचा चेहरा पडद्यावर जुळवू पाहतो… जुळत नाही. तो समोर बसला होता तेव्हा मी सारा वेळ अक्काच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याचा म्हणून आठवतो तो केवळ चपला घालताना भिंतीला टेकवलेला हात.