पंखा बंद

कुकरमधून वासाच्या तांदळाची वाफ नाकात शिरली की मला अजून चीड येते. ऐंशीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात, आमच्या बोरीवलीच्या दोन खोल्यांत मला बघायला पाहुणे आले होते. बाबा भाताच्या नव्या जाती तयार करणारे शास्त्रज्ञ. शेतात उंदीर खातात म्हणून निवडक रोपं त्यांनी बादल्यांत लावून बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलेली. नेमकी त्याच सकाळी ती फुलली. पाहुणे घामाने निथळत होते, पोहे निवत होते, आणि बाबा सगळ्यांकडे पाठ करून एका जातीची लोंबी दुसरीवर अलगद झटकत होते. "अहो, पंखा तरी लावा हो!" आई दातओठ खात म्हणाली. "वेडी आहेस का? पराग उडून जाईल. थोड्या वेळात फुलं मिटतील." मुलाची आई उठलीच. त्यांच्यामागे दार लागलं तशी मी रडायला लागले, तर मान न वळवता बाबा म्हणाले, "स्थळं काय, बारा महिने येतात गं." त्या बादल्यांतून निघालेला तांदूळ आता आमच्या वाण्याकडे मिळतो. मी दुसरा आणतच नाही. फक्त जेवायला बसताना पंखा मुद्दाम पाचवर ठेवते.