न चालवलेली चाचणी

टाचणीचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. टाचणी म्हणजे माझी धाकटी मुलगी. अंगानं बारीक आणि चूक दिसली की टोचणारी, म्हणून घरात हेच नाव पडलं. सलाईनच्या पंपांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती तपासणीचं काम करायची. औषध किती वेगानं अंगात जावं, हे तो पंप ठरवतो.

त्या सकाळी दूध उतू गेलं तरी ती जागची हलली नाही. मी गॅस बंद केला.

"काय झालं?"

ती काहीतरी पुटपुटली. कारखान्याच्या लोहारखात्यात तीस वर्षं काढून माझे कान गेलेत.

"मोठ्यानं बोल."

"मी न तपासता हिरवं लावलं!"

समोरच्या घरातला दिवा लागला. तिचा आवाज पुन्हा खाली गेला, मी पुन्हा कानामागं हात धरला, तेव्हा ती रडत ओरडतच बोलली. मध्येच वीज जाऊन परत आली तर पंप उरलेलंच औषध देतो का, ही चाचणी तिच्याकडे होती. त्या एकट्या चाचणीला चार तास लागतात. मागच्या वेळी नीट चाललं होतं. शिवाय ऑफिसात रोज सकाळी फलकासमोर बैठक. तपासून ठीक निघालेल्या कामापुढे हिरवी खूण, अडलेल्यापुढे लाल. ज्याच्या कामापुढे लाल, त्याला उभं करून सगळ्यांसमोर सोलायचे. आधीच्या तपासनीसानं दोनदा लाल लावलं. तिसऱ्या महिन्यात त्याची खुर्ची रिकामी. तेव्हापासून फलक हिरवागार. आणि आज बारा वाजता ते सॉफ्टवेअर रुग्णालयांत जाणार होतं.

"चालेलच ते, बाबा. बहुतेक."

"बहुतेक?"

"नोकरी गेली तर? तुमच्या कानांचं यंत्र..."

"माझे कान गेलेत, जीव नाही. तडा गेलेला तुकडा फाटकाच्या आत दाखवला की आम्हाला शिव्या मिळायच्या. बाहेर गेला की कुणाचा तरी हात जायचा. चार तासांचं काम असेल तर चार तास द्यायचे. त्यात काय अक्कल लागते?"

एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात आईची चप्पल घालून ती गेली.

फोनची घंटा मला ऐकू येत नाही. थरथर कळावी म्हणून मी तो मुठीत धरून बसलो.

पुढचं तिनं रात्री सांगितलं. नऊच्या बैठकीत तिनं लाल लावलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "आज? डोकं ठिकाणावर आहे का?"

"खोटं लावलं होतं. चालवलीच नव्हती." टाचणी घरातल्याच मोठ्या आवाजात बोलली. काचेपलीकडची माणसंही वळली.

"चालव मग. आत्ता. बाराचं मी थांबवते."

एक वाजून गेल्यावर निकाल आला. वीज परत आली आणि पंपानं अख्खा डोस पहिल्यापासून दिला.

मॅनेजरबाई खुर्चीत बसल्या. मग विचारलं, "आणखी कुणाचं हिरवं खोटं आहे?" शेवटी शेजारच्या प्रोग्रामरनं हात वर केला. "माझी दोन." संध्याकाळपर्यंत फलकावर सात लाल होते. बाईंचं स्वतःचं एक त्यात होतं.

सॉफ्टवेअर नऊ दिवस उशिरा गेलं. लाल लावणाऱ्याला उभं करणं बंद झालं. त्याच्या मदतीला एक माणूस द्यायचं ठरलं. तरी तीन महिने टाचणी प्रत्येक ईमेल नोकरीवरून काढल्याचंच असेल असं धरून उघडायची. नोकरी राहिली. त्या वर्षी पगारवाढ मात्र मिळाली नाही.

कानातली यंत्रं पुढच्या वर्षी तिच्या पगारातून आली. आता साडेपाचला तिच्या खोलीची कडी मला ऐकू येते. तिची सवय काही गेली नाही. घरात ती अजून मोठ्यानंच बोलते.